छोटी फोर बाय फोर गाडी : आडवाटेवरची क्षमता

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, साधारण चार मीटर लांबीची गाडी. जपानची सुझुकी जिम्नी, भारतात बनलेली मारुती जिप्सी, सोव्हिएत लाडा निवा, इटलीची फियाट पांडा फोर बाय फोर आणि नाशिकच्या कारखान्यातून येणारी महिंद्रा थार ही या वर्गाची ठळक उदाहरणे. खडक, चिखल, वाळू आणि खड्या चढावर या गाड्या अनेकदा आपल्याहून कितीतरी मोठ्या गाड्यांना मागे टाकतात. त्याचे श्रेय इंजिनापेक्षा वजनाला, मापाला आणि गिअरला द्यावे लागते.

जिम्नीचा जन्मच मापाच्या मर्यादेतून झाला. होप मोटर या छोट्या जपानी कंपनीच्या ‘ओएन३६०’ गाडीचे हक्क सुझुकीने १९६८ मध्ये घेतले आणि एप्रिल १९७० मध्ये ३५९ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाची पहिली जिम्नी बाजारात आणली. जपानच्या ‘केई’ या छोट्या गाड्यांच्या वर्गात बसायचे तर लांबी तीन मीटरच्या आत हवी, म्हणून स्टेपनी मागच्या दारावर न टांगता आत, मागच्या सीटच्या जागेत बसवली. गाडी तीनच माणसांची झाली, पण डोंगरातल्या अरुंद वाटांवर सहज फिरू लागली.

अशा गाडीचा कस लागतो तो ‘फोर-लो’मध्ये. गिअरबॉक्सच्या पुढे जोडलेल्या ट्रान्सफर केसमध्ये गिअरची आणखी एक उतरती पायरी असते. २०१८ पासूनच्या जिम्नीत ती चाकांचा वेग निम्म्यावर आणते आणि जोर जवळपास दुप्पट करते. उतारावर ब्रेकला हात, खरे तर पाय, न लावता गाडी माणसाच्या चालीने उतरते. १९८३ च्या पांडात ही पायरी नव्हती. ऑस्ट्रियाच्या श्टायर-पुखने तयार केलेली तिची यंत्रणा आणि आखूड पहिला गिअर यांवरच ती आल्प्समधल्या बर्फाळ गावांत लोकप्रिय झाली. भारतात आलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह रेनॉ डस्टरनेही तोच मार्ग धरला होता. ओल्या घाटरस्त्याला, शेताच्या कच्च्या वाटेला तेवढे पुरते. मोठ्या दगडांवरून इंच-इंच चढायचे असेल तर पुरत नाही.

दगडांची वाट जवळून पाहिली की पुढची अडचण कळते. ओढ्यातून तिरके वर येताना पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी राहते. डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा साधा डिफरन्शियल जिथे विरोध कमी तिथे चाक फिरू देतो, त्यामुळे हवेतली दोन चाके गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म उभी राहतात. फोर बाय फोर असूनही गाडी अडकते. यावर पहिला उपाय अखंड अ‍ॅक्सलचा: एका बाजूचे चाक दगडाने वर ढकलले की दुसऱ्या बाजूचे खाली दाबले जाते आणि जमीन सुटत नाही. जिप्सीने हे पाट्यांच्या स्प्रिंगांवर साधले, नव्या जिम्नीने कॉइल स्प्रिंगांवर. दुसरा उपाय ब्रेकचा: नव्या जिम्नीत अधांतरी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो.

आणि मग वजन. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली जिप्सी हजार किलोच्या आसपास भरायची. भारतीय लष्कराने ती हिमालयात वापरली, ताडोबाच्या सफारीने जंगलात. सोलापूर-मराठवाड्याची काळी माती पावसात टायरच्या खाचांत लिंपून बसते आणि चाक गुळगुळीत होते. तिथे हलकी गाडी कमी रुतते आणि रुतलीच तर चार माणसांनी ढकलून निघते. चिलीतल्या ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर २१ एप्रिल २००७ रोजी फेरफार केलेली सुझुकी सामुराई, म्हणजे जिम्नीचेच एक रूप, ६,६८८ मीटर उंचीवर पोचली.

मर्यादाही याच गुणांतून येतात. आखूड गाडी खड्या चढावर नाक उचलते आणि अरुंद गाडी आडव्या उतारावर लवकर कलते. लांबी वाढवली की पोट टेकते: तीन दारांच्या जिम्नीत दोन चाकांमधले अंतर २,२५० मिमी आहे, भारतात जून २०२३ मध्ये आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत २,५९०. त्यामुळे उंचवटा ओलांडण्याचा कोन २८ अंशांवरून २४ वर आला. कुटुंबाला मागची दारे हवीच असतात, पण खडकाळ वाटेवर या चार अंशांची किंमत मोजावी लागते. लहान पेट्रोल इंजिनाला चढावर वेग राखावा लागतो. डिझेल थार अधिक जड असूनही जोरामुळे तिथे आणि ६५० मिमी खोल पाण्यातून जाण्याच्या क्षमतेमुळे ओढ्यात सरस ठरते.

चिखलात किंवा वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा थोडी कमी करावी. टायर चपटा होऊन त्याची पकड लांबते आणि गाडी रुतत नाही. जिप्सी, जिम्नी किंवा थार कोरड्या डांबरी रस्त्यावर आली की मात्र लगेच टू-व्हील ड्राइव्हवर घ्यावी. पुढची-मागची चाके वळणावर वेगवेगळे अंतर कापतात आणि या गाड्यांत तो फरक शोषणारा मधला डिफरन्शियल नाही. निवामध्ये तो आहे, म्हणून १९७७ पासून ती चारही चाकांवर कायम धावते.