केजन पास्ता आणि पाकिटावरचं नाव

परवा रविवारी घरी केजन सीफूड पास्ता करायचा बेत होता. भरपूर क्रीम घातलेला, लालसर, खाता खाता नाकातून पाणी काढणारा. कोळंबी साफ करून झाली होती, पास्त्याचं पाणी गॅसवर होतं, आणि आमची नऊ वर्षांची कन्या ओट्यावर बसून मसाल्याच्या पाकिटावरची अक्षरं वाचत होती.

"बाबा, केजन म्हणजे काय?"
"तिखट."
"मग तिखटच लिहायचं ना!"

मी गप्प. अनोळखी कोडला हात लावण्याआधी त्याचा इतिहास उघडून बघायचा, कुणी, कधी आणि का बदल केला ते वाचायचं, ही सवय ऑफिसात आहे. स्वयंपाकघरात मात्र इतकी वर्षं पाकीट फोडून मोकळे! मग पुढचे दोन-तीन वीकेंड वाचनात गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

तर केजन हे चवीचं नाव नाही. ते माणसांचं नाव आहे. आणि ही माणसं मुळात तिखट खाणारी नव्हतीच.

गोष्ट सुरू होते आजच्या कॅनडात, नोव्हा स्कोशिया आणि आसपासच्या भागात. 1604 पासून तिथे फ्रेंच वसाहतकरी यायला लागले. त्या मुलखाला ते 'अकादी' म्हणत आणि स्वतःला 'अकादियाँ'. तिथला फंडीचा उपसागर जगातल्या सर्वात मोठ्या भरती-ओहोटीसाठी प्रसिद्ध आहे, काही ठिकाणी पाणी 16 मीटरपर्यंत चढतं. या लोकांनी जंगल तोडत बसण्यापेक्षा समुद्राकडून जमीन घेतली. मातीचे बांध घातले, बांधाखालून लाकडी नळ काढला आणि नळात एक झडप बसवली. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जाणार, भरतीला समुद्राच्या दाबानेच झडप बंद होणार. दोन-तीन वर्षं पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढणार आणि मग तिथे गहू. कोकणात खारबंदिस्तीची उघाडी ज्यांनी पाहिली असेल, किंवा गोव्यात खाजणाची मानस, त्यांना हे लगेच कळेल. खाणं साधं. सलगम, कोबी, वाटाणे, खारवलेलं डुक्कर, कॉड मासा. मिरचीचा पत्ता नाही.

1713 च्या उत्रेख्तच्या तहाने हा मुलूख ब्रिटिशांकडे गेला. ब्रिटिशांचं म्हणणं, राजाशी बिनशर्त एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या. अकादियाँचं म्हणणं, शपथ घेतो, पण आम्ही कुणाच्याही बाजूने शस्त्र उचलणार नाही. एका बाजूला फ्रेंच, म्हणजे आपलेच भाऊबंद. दुसऱ्या बाजूला मिकमॅक आदिवासी, त्यांच्याशी दोस्ती, लग्नसंबंध. चाळीसेक वर्षं हे घोंगडं भिजत पडलं. शेवटी 28 जुलै 1755 ला लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स आणि त्याच्या हॅलिफॅक्सच्या कौन्सिलने ठरवलं की या लोकांना उचलून बाहेर टाकायचं.

5 सप्टेंबरला ग्रां-प्रे गावात कर्नल जॉन विन्स्लोने सगळ्या पुरुषांना आणि मुलग्यांना दुपारी 3 वाजता चर्चमध्ये बोलावलं. 418 जण आले. दारं बंद झाली आणि हुकूम वाचला गेला : तुमच्या जमिनी, घरं, गुरं सरकारजमा. पैसाअडका आणि बोटीत मावेल तेवढं घरसामान घ्या आणि चालू पडा. घरं जाळली गेली, म्हणजे परत येण्याचा प्रश्नच नको. माणसं अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वसाहतींत मुद्दाम विखरून टाकली, एकत्र राहू नयेत म्हणून. 1763 पर्यंत सुमारे 14,000 पैकी 10,000 हून जास्त लोक हाकलले गेले. हजारो जण रोगराईत, उपासमारीत आणि बुडालेल्या जहाजांत मेले. फ्रेंचमध्ये या सगळ्याला नाव आहे 'ल ग्रां देरांजमाँ', म्हणजे 'मोठी उलथापालथ'. एवढ्या भयंकर गोष्टीला एवढा सौम्य शब्द! आपली म्हातारी माणसंही प्लेगच्या दिवसांबद्दल अशीच बोलायची.

या विखुरलेल्यांपैकी काही 1764-65 पासून लुईझियानात पोचले. 'बोसोले' या टोपणनावाने ओळखला जाणारा जोसेफ ब्रुसार सुमारे 200 जणांना घेऊन 1765 मध्ये आला. 1785 मध्ये फ्रान्समध्ये अडकलेल्या सुमारे 1,600 जणांना स्पेनने सात जहाजांतून आणलं, कारण तेव्हा लुईझियाना स्पेनकडे होतं आणि त्यांना शेतकरी हवे होते. 'अकादियाँ'चं झालं 'कादियाँ', आणि इंग्रजांच्या तोंडी 'केजन'.

आता भांड्याकडे येऊ. थंड मुलखातले हे लोक दमट, दलदलीच्या, मगरींच्या प्रदेशात आले. गहू होईना. मग भात आणि मका. कॉडच्या जागी कोळंबी, खेकडे, कालवं आणि क्रॉफिश (गोड्या पाण्यातला, शेवंडीचा धाकटा भाऊ म्हणा). चॉक्टॉ आदिवासींकडून ससाफ्रासच्या पानांची पूड आली, रस्सा दाट करायला. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर भेंडी आली. 'गंबो' या प्रसिद्ध रश्श्याचं नावच बहुधा भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलंय. फ्रेंच स्वयंपाकात फोडणीला कांदा, सेलरी, गाजर असतं. इथे गाजराच्या जागी ढोबळी मिरची आली, आणि या तिघांना आज तिथे 'पवित्र त्रिमूर्ती' म्हणतात. तिखटपणा वेस्ट इंडीज, स्पेन, आफ्रिका असा अनेक वाटांनी झिरपला. म्हणजे 'अस्सल केजन' नावाच्या गोष्टीत केजनांनी घरून आणलेलं फारच थोडं. त्यांनी आणली ती एका भांड्यात, मंद आचेवर, आहे त्यात भागवायची पद्धत. बाकी सगळं शेजाऱ्यांचं, आणि त्यातले काही शेजारी तर साखळदंडात आले होते. मसाल्याच्या पाकिटावर त्यांचं नाव नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

पुढची दीडेकशे वर्षं हे लोक बायूंच्या, म्हणजे संथ खाड्यांच्या काठी आपापलं फ्रेंच बोलत राहिले. मग 1921 च्या राज्यघटनेने लुईझियानाच्या शाळांत शिक्षण फक्त इंग्रजीतून केलं. घरी फक्त फ्रेंच ऐकलेली पोरं शाळेत गेली, आणि तोंडातून फ्रेंच शब्द निघाला की शिक्षा. "मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही" हे वाक्य शेकडो वेळा लिहायचं. लघवीला जायची परवानगी इंग्रजीत मागता येत नाही म्हणून वर्गात चड्डी ओली करणाऱ्या मुलांच्या आठवणी तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगून ठेवल्यात. हीच मुलं मोठी होऊन आईबाप झाली आणि त्यांनी एक अगदी समजण्यासारखा निर्णय घेतला : आपल्या पोरांशी फ्रेंच बोलायचं नाही. भाषा बंद केली कायद्याने, पण खरी थांबली ती स्वयंपाकघरात, आईच्या तोंडी.

गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात याच केजन पोरांना अमेरिकी सैन्याने फ्रान्समध्ये दुभाषे म्हणून वापरलं. शाळेत ज्यासाठी मार खाल्ला तेच कामाला आलं. पुढे 1968 मध्ये राज्याने फ्रेंच वाचवायला एक सरकारी मंडळ काढलं. त्याने फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकहून शिक्षक आणले. ते शिकवणार प्रमाण फ्रेंच! म्हणजे आजीचं फ्रेंच पुन्हा अशुद्धच.

आणि मग येतो पॉल प्रुडोम. 1940 मध्ये ओपलुसासजवळ जन्मलेला, तेरा भावंडांतला सगळ्यात धाकटा. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचा. थोरली भावंडं कामावर गेलेली, म्हणून लहानपणी हा आईच्या हाताखाली स्वयंपाकात. 1979 मध्ये त्याने न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये बायको के हिच्याबरोबर 'के-पॉल्स' नावाचं साधंसं हॉटेल काढलं. तिथे त्याने एक गोष्ट केली. रेडफिशचा तुकडा लोण्यात बुडवून मसाल्यात घोळवायचा आणि धूर निघेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकायचा. मसाला करपून काळा, आत मासा लुसलुशीत. अमेरिका वेडी झाली. इतकी, की मेक्सिकोच्या आखातातला रेडफिश संपायची वेळ आली आणि 1986 मध्ये सरकारला त्याच्या व्यापारी मासेमारीवर तातडीने निर्बंध घालावे लागले. आणि हा प्रकार केजन परंपरेत कुठेच नव्हता! प्रुडोमने तो स्वतः शोधला होता आणि तसं तो सांगायचाही. 1984 मध्ये त्याचं पुस्तक आलं, मग मसाल्यांच्या बाटल्या आल्या, आणि 'केजन' हा शब्द माणसांवरून उठून चवीवर बसला. प्रुडोम 2015 मध्ये गेला. हॉटेल 2020 मध्ये बंद झालं. शब्द उरला.

आपला पास्ता याच लाटेत जन्मलेला. शेवया सिसिलीच्या : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पालेर्मोहून न्यू ऑर्लिन्सला थेट जहाजं यायची आणि फ्रेंच क्वार्टरचा एक भाग 'छोटं पालेर्मो' म्हणून ओळखला जायचा. क्रीम अमेरिकी हॉटेलांच्या 'आल्फ्रेडो'चं (रोमच्या मूळ आल्फ्रेडोत लोणी आणि चीजच, क्रीम नाही). जुन्या केजन आजीला ही डिश दाखवली असती तर तिने ओळखली नसती. आणि कोळंबी? गेली काही वर्षं अमेरिकेला कोळंबी पुरवणाऱ्या सगळ्यात मोठ्या देशांत भारत आहे, आणि त्यातली बरीचशी आंध्रच्या तळ्यांतली. 2005 पासून अमेरिकेने भारतासह काही देशांच्या स्वस्त कोळंबीवर जादा कर लावला, कारण लुईझियानासारख्या राज्यांतले कोळंबी पकडणारे बोंब मारत होते. म्हणजे तिथल्या हॉटेलात 'केजन' पास्त्यातली कोळंबी भीमावरमची असू शकते आणि खराखुरा केजन मच्छीमार बाहेर बोट विकत असू शकतो.

असो. पास्ता करायचा राहूनच जाईल. चौघांसाठी 300 ग्रॅम पास्ता, 400 ग्रॅम कोळंबी. मसाला घरीच करा : दोन चमचे काश्मिरी मिरची, अर्धा चमचा लवंगी, लसूण पूड, कांदा पूड, काळी मिरी, पांढरी मिरी, ओरेगानो. थाइम नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घाला, दोघांचा वास एकाच द्रव्याचा, थायमॉलचा. कोळंबीची डोकी-सालं टाकू नका, दोन कप पाण्यात पंधरा मिनिटं उकळून गाळा. कोळंबीला मसाला चोळून बिडाच्या तव्यावर लोण्यात दोन-तीन मिनिटं परतून बाजूला काढा. त्याच तव्यात त्रिमूर्ती : कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. चमचाभर मैदा घालून बदामी करा, कोळंबीचं पाणी ओता, आटवा. मग गॅस बारीक करून 200 मिली क्रीम. आपलं डब्यातलं क्रीम पातळ असतं, खळखळ उकळलंत तर फाटेल. पास्ता, कोळंबी, वरून कांद्याची पात. झालं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. माझी आजी कुडाळकडची. तिच्या घरी भाजलेल्या मिरच्या-धन्यांच्या त्या लाल पुडीला नुसतं 'मसालो' म्हणत. 'मालवणी' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो मुंबईत, पाकिटावर. घरच्या चवीला घरात नाव नसतंच. नाव लागतं ते विकताना. मी पहिलीत असताना वर्गात 'खंय' म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. घरी येऊन रडलो. दुसऱ्या दिवसापासून आई माझ्याशी 'शुद्ध' बोलायला लागली. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. आमच्यावर कुणी कायदा केला नव्हता, घरं जाळली नव्हती, ही तुलना मी करतच नाहीये. पण शेवटची पायरी तीच होती : आईने पोराच्या भल्यासाठी बोलणं बदललं.

नंतर कळलं की 1980 मध्ये, म्हणजे प्रुडोमचा तवा तापत होता तेव्हाच, लुईझियानातल्या एका केजन कर्मचाऱ्याने साहेबाच्या शिवीवरून दावा लावला होता आणि न्यायालयाने केजन हा कायद्याने संरक्षण मिळणारा वंशसमूह आहे असं मान्य केलं. त्याच 1980 मध्ये आपल्याकडे मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'ने मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर गाजवली. हसलं गेलेलं बोलणं ऐकायला लोक तिकीट काढू लागले. 2003 मध्ये कॅनडाने राणीच्या नावाने जाहीरनामा काढून ती हकालपट्टी मान्य केली, कायदेशीर किंवा आर्थिक जबाबदारी येणार नाही असं स्पष्ट लिहून. 28 जुलै हा आता तिथे स्मरणदिन आहे.

मला मालवणी समजते सगळी. तिसऱ्यांचं सुकं येतं, सोलकढी येते. बोलायला गेलो की मात्र नाटकातल्यासारखं वाटतं, माझं मलाच.

पास्ता झाला. कन्येला मी पुन्हा नीट उत्तर दिलं : केजन म्हणजे माणसं, त्यांना घरातून हाकललं होतं. तिने बोटाने सॉस चाटत विचारलं, "मग मालवणी म्हणजे?"

आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. म्हटलं, आज तूच सांग, आणि तुझ्या बोलण्यात सांग. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग हसली आणि सुरू झाली. पास्ता गार झाला, पण कुणी उठलं नाही.