ओळख, वशिला आणि चौकशी

'वशिला' हा शब्द मूळचा अरबी. 'वसीला' म्हणजे साधन, माध्यम. मुळात त्यात वाईट काहीच नाही. पण आपल्याकडे तो असा काही बदनाम झाला की 'वशिल्याचं तट्टू' म्हटलं की पुढे बोलायलाच नको. त्यामुळे होतं काय, की आपल्या घरातली शिकलेली मुलं नोकरीबद्दल कोणाला साधं विचारायलाही लाजतात. "ओळखीने नको आजी, माझ्या हिमतीवर मिळवीन." हिंमत हवीच हो. पण विचारणं म्हणजे वशिला लावणं नव्हे. हा फरक समजून घ्यायला मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास फार उपयोगी आहे, म्हणून आज त्याविषयी थोडं.

कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे अख्खं गिरणगाव उभं राहिलं. तिथे सगळ्यात जास्त माणसं गेली ती आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. (तेव्हा आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता.) ना जाहिरात, ना अर्ज. चाकरमानी गणपतीला नाहीतर शिमग्याला गावी यायचा आणि जाताना भावाचा, शेजाऱ्याचा मुलगा बरोबर न्यायचा. मुंबईत गावकीची खोली असे. पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचं, खानावळवाल्या बाईकडे जेवायचं. कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात माणसं घेताहेत ही बातमी त्या खोलीतच कळायची. त्या काळी परक्या शहरात गरिबाला याहून मोठा आधार दुसरा नव्हता, हे आधी मान्य केलं पाहिजे.

पण या वाटेवर एक फाटक होतं आणि त्याची किल्ली जॉबरच्या हातात होती. माणसं कामावर घेणं, काढणं, रजा देणं हे साहेबाच्या नावाने पण जॉबरच्या मर्जीने चाले. बायकांच्या खात्यात तेच काम नाईकीण करी. मग आली दस्तुरी. काम मिळताना द्या, गावाहून परत आल्यावर पुन्हा द्या. कित्येक ठिकाणी कर्ज देणारा तोच आणि खोली देणाराही तोच. 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि नोकरभरती जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावी असं सुचवलं. जॉबर अगदी सर्वशक्तिमान मात्र नव्हता. त्यालाही आपली माणसं सांभाळून घ्यावी लागत, नाहीतर त्याचंच खातं बंद पडे, असं इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं आहे.

याहून मोठा दोष वेगळाच. ओळखीची वाट फक्त आपल्याच माणसांना आत घेते. गिरणीत विणकाम खात्याला पगार चांगला. पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळ होतो या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरूच देत नसत. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला होता. एकाला उघडणारं दार दुसऱ्याच्या तोंडावर बंद होतं ते असं.

उपाय झाले. 1935 साली मुंबईत बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली, म्हणजे सकाळी रिकाम्या जागा कार्डवाल्यांमधूनच भरायच्या. 1945 पासून सेवायोजन कार्यालयं निघाली. 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा त्यांना कळवणं ठरावीक मालकांना बंधनकारक झालं. तरी ओळखीचं महत्त्व संपलं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने नोकरी बदललेल्या शिकल्यासवरल्या माणसांची पाहणी केली. निम्म्याहून जास्त जणांना काम ओळखीतूनच मिळालं होतं. गंमत पुढे आहे. ज्यांच्याकडून कळलं त्यांच्यात नेहमी भेटणारी माणसं जेमतेम 17 टक्के होती. बाकी सगळे अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणारे! 1973 च्या लेखात त्यांनी कारण दिलं. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतंच. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते.

हे वाचलं तेव्हा मला 1982 चा संप आठवला. 18 जानेवारीला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गावात मनीऑर्डरी येईनाशा झाल्या, शाळेत मुलांच्या फिया थकल्या. मामा गिरणीत, काका गिरणीत, शेजारीही गिरणीत. ओळखी भरपूर, पण सगळ्या एकाच फाटकापाशी. ते फाटक बंद झाल्यावर दुसऱ्या धंद्यातली खबर देणारं कोणी उरलं नाही.

म्हणून मी मुलांना सांगते, ओळख वापरा, पण नोकरी मागायला नव्हे, माहिती विचारायला. अमेरिकेत रिचर्ड बोल्स यांनी 1970 साली काढलेल्या नोकरीशोधाच्या पुस्तकामुळे ही रीत फार पसरली. ते काम करणाऱ्यालाच भेटायचं आणि विचारायचं. दिवसभर नक्की काय करावं लागतं? शिकावं काय लागलं? सुरुवातीला हातात किती पडतं? पुढे वाव आहे का? आणि उठताना, "आणखी कोणाला भेटू?" वीस मिनिटांत आटपावं, दोन दिवसांनी आभार कळवावेत. यात कोणाचा हक्क हिरावला जात नाही, कोणी मिंधा होत नाही.

आता आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांबद्दल. आपल्या नातवंडांना विचारायला दहा माणसं आहेत. पण ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झालंय त्याने कोणाला विचारायचं? माझे जुने विद्यार्थी अजून फोन करतात, "बाई, कुठे ओळख आहे का हो?" मी नोकरी देऊ शकत नाही. पण एक नाव, एक फोन नंबर आणि "हा मुलगा तुम्हाला भेटायला येईल, त्याला अर्धा तास द्या" एवढं तर नक्की करू शकते. तुम्हीही करू शकता. बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात, परदेशात आपली माणसं आहेत. त्यांचा अर्धा तास आपल्या नात्याबाहेरच्या एखाद्या मुलाला मिळवून द्या. आपलं कोण कुठे आहे आणि कोण असा वेळ देईल, ते मला जरूर कळवा. मी यादी करायला घेतली आहे.