उघडी मूठ लाखाची

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपले पूर्वज सांगून गेले. मूठ उघडली की काय होतं, ते टाटांच्या नॅनो गाडीनं दाखवून दिलं.

स्कूटरवर पुढे पोरगं उभं, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं, आणि वरून धो धो पाऊस. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलं आहे. बऱ्याच जणांनी त्यात कामही केलं आहे! रतन टाटांनी ते पाहिलं आणि अशा कुटुंबाला चार चाकं द्यायचं मनावर घेतलं. २००३ साली लाख रुपयांचा आकडा बोलला गेला. पुढे पोलाद महागलं. पण १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी उभी राहिली, तेव्हाही मूळ किंमत लाखच, कर वेगळे. दिला शब्द पाळायचा, असं टाटा म्हणाले.

काटकसर म्हणाल तर आमच्या आजीच्या वरताण. वायपर एक. चाकाला नट तीन. इंजिन दोन सिलिंडरचं, तेही मागे. पेट्रोल भरायचं तर पुढचं बॉनेट उघडा. मागचं दार उघडायला तर २०१५ साल उजाडावं लागलं!

जमिनीच्या आंदोलनामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये कारखाना बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातेत साणंदला हलला. तरी एप्रिल २००९ मध्ये दोन लाखांवर लोकांनी आगाऊ पैसे भरले. पहिल्या लाखभर गाड्यांसाठी चक्क सोडत काढावी लागली.

मग घोडं अडलं कुठे? काही गाड्यांनी पेट घेतला, किंमतही चढत गेली, हे खरंच. पण खरा घात केला तो ‘जगातली सर्वांत स्वस्त मोटार’ या बिरुदानं. आपल्याकडे नवी वस्तू आली की शेजारी विचारतात, “केवढ्याला पडली?” आणि आपण हजारभर वाढवून सांगतो. नॅनोवाल्याला कोण विचारणार? किंमत अख्ख्या देशाला पाठ! हप्ते फेडताना माणूस मेटाकुटीला येईल, पण स्वस्तातली घेतली हे ऐकून घेणार नाही. बँकांची कर्जखाती त्यावरच तर चालतात.

साणंदची ताकद वर्षाला अडीच लाख गाड्यांची. सर्वांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, खपल्या सुमारे साडेचौऱ्याहत्तर हजार. ‘स्वस्त’ म्हणून विकली हे चुकलंच, असं पुढे टाटाच म्हणाले. २०१८ साली उत्पादन थांबल्यात जमा झालं.

स्कूटरवरचं ते कुटुंब भिजतच राहिलं. गाडी लाखाची होती. मूठ झाकायला वरचे पंचवीस हजार कमी पडले.