घरालाही काही काम सांगा!

हवा थंड करण्याच्या इतिहासात आमच्या पुंडलिकनगरचं नाव कुठंही आढळत नाही. वास्तविक आढळायला हवं होतं. कारण एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गल्लीच्या ओट्यांवर या विषयाचं जेवढं संशोधन होतं, तेवढं विद्यापीठातही होत नसेल.

आईला ऐंशीव्या वर्षी वरच्या मजल्यावरचा उन्हाळा सोसेना, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा आम्ही दीड टनाचा एसी घेतला. 'दीड टन' ऐकल्याबरोबर शेजारच्या काकू "भिंतीला तडे नाही ना जाणार?" असं विचारून गेल्या. हा टन वजनाचा नव्हे, बर्फाचा! एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढून काढणारं यंत्र ते एक टनाचं. म्हणजे पूर्ण ताकदीनं चाललं, तर आमचं यंत्र दिवसाला साडेतेराशे किलो बर्फाचं काम करणार. तरी दुपारी तीनला ते दम्याच्या रोग्यासारखं धापा टाकी. आई म्हणाली, "अरे, त्या बिचाऱ्या पेटाऱ्यावर किती भार टाकाल? घरालाही काही काम सांगा की!"

आई माळवदाच्या घरात वाढलेली. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच धाबं. ऊन आत झिरपेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि तोवर माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असायची. आमचा पाच इंचांचा स्लॅब म्हणजे निव्वळ तवा. दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती ऊब खोलीत सोडत बसतो.

खरं तर या गावाला थंडाव्याची मोठी परंपरा. मलिक अंबरानं १६१० साली खडकी वसवली (तेच पुढे औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) आणि जमिनीखालच्या नहरीतून गावात पाणी खेळवलं. पाणचक्कीचं पाणीही असंच दूरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं. पाहुणे येतात, जातं बघतात, फोटो काढतात आणि जातात. गंमत आहे ती हौदाच्या पोटात! तिथं एक लांबलचक दालन आहे, आणि हौदाचा तळ हेच त्याचं छप्पर. ऊन जे काय तापवायचं ते पाण्याला तापवतं. खालच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता गच्चीवर हौद बांधावा, तर या गावानं नळाच्या पाण्यासाठी आठ-आठ दिवस वाट पाहिलेली. तेव्हा आम्ही गच्चीला पांढरा चुना फासला आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक सोडली. आतून पडदा लावणं म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी घालणं. बाहेरच्या युनिटवर सावली केली. फक्त त्याचं नाक दाबलं जाणार नाही एवढं पाहिलं. जाळी पंधरवड्याला धुतो.

समोरच्या निवृत्त तहसीलदारसाहेबांची योजना निराळी होती. ते एकाच खोलीत एसी आणि कूलर दोन्ही लावत! आता, १९०२ साली विलिस कॅरियरनं पहिलं यंत्र रचलं ते माणसांसाठी नव्हेच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगत, म्हणून हवेतला ओलावा काढायला. तो पाणी उपसण्याचा गुण यंत्रात आजही आहे. म्हणजे साहेबांचा कूलर रात्रभर हवेत पाणी भरी आणि एसी ते उपशी. खात्यात पस्तीस वर्षं काढल्यामुळे साहेबांना यात काही वावगं वाटलं नाही. बिल पाहिल्यावर वाटलं.

२०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू व्हावेत असा सरकारी नियम आहे. एकेका अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब. आम्ही सव्वीसवर ठेवून पंखा मंद सोडतो. यंत्राच्या धापा थांबल्या आहेत. आई रात्री दोनला उठते, यंत्र बंद करते आणि माझ्या अंगावरची चादर ओढून नेते.