पहिल्या वर्षाचा पास

शिरूरला रेल्वे नाही. दौंडला ती १८५८ सालापासून आहे. पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला तो दौंडवरूनच. पुढे १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. शेजारशेजारच्या या दोन तालुक्यांतली मुले कॉलेजला कशी गेली, हे बरेचसे या एका फरकाने ठरवले.

शिरूरकरांच्या नशिबी रस्ता होता. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती नगर–पुणे मार्गावर, शिरूरवरूनच. तिकीट होते अडीच रुपये. आठ महिन्यांनी, १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. गावाला आधी गाडी आणि मागून विद्यापीठ मिळाले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तेव्हा अकरावीची मॅट्रिक झाली की लगेच कॉलेज. सोळा-सतरा वर्षांचे पोर पुण्यात खोली घेऊन राहायचे आणि त्याच्या मागोमाग एसटीने डबा यायचा. फडक्यात बांधलेल्या भाकरी, चटणी, कधी पिठले. वर नावाची चिठ्ठी. घरच्यांनी स्टँडवर कंडक्टरच्या हाती डबा द्यायचा आणि मुलाने शिवाजीनगरला गाडीची वाट बघत थांबायचे. गाडी चुकली की उपास. ज्यांच्या घरून डबाही येणे शक्य नव्हते, अशा खेड्यातल्या मुलांसाठी अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली. तिच्या वसतिगृहांनी किती पहिली वर्षे वाचवली असतील!

१९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली आणि अकरावी-बारावी तालुक्यातच आली. घर सोडण्याचे वय एका वर्षाने पुढे गेले. शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयासारख्या कॉलेजांमुळे अनेकांना घर सोडावेच लागले नाही. मुलींच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोठी होती.

दौंडची मुले मात्र घरी राहूनच पुण्याला जात आली. पहाटे उठायचे, पाटस, केडगाव, यवत, उरुळी करत पुणे गाठायचे. मार्च २०१७ पासून या मार्गावर डेमूही धावते. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. या मुलांना कॉलेजची सकाळ मिळते, संध्याकाळ मिळत नाही. दुपारचे प्रॅक्टिकल लांबले की नजर घड्याळाकडे. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमी, ग्रंथालयातली निवांत बैठक, कट्ट्यावरच्या गप्पा हे सारे गाडीच्या वेळेपुढे सोडावे लागते. एफ.वाय.ची दोस्ती वर्गापेक्षा गाडीच्या डब्यातच जास्त जमते. आधीच शास्त्र शाखेतले इंग्रजी कानावरून जात असते, त्यात ही दमणूक. मुले पहिल्या वर्षात मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे.

एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलींची अडचण वेगळी आहे. एसटीच्या अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. पुढच्याच जूनमध्ये, एफ.वाय.ला, तो बंद होतो आणि भाड्याचा तिसरा हिस्सा भरून विद्यार्थी पास काढावा लागतो. दोन मुली शिकणाऱ्या घरात पालक नेमका तिथेच हिशेब मांडतात. सरकारने ही मोफत सवलत निदान आणखी एक वर्ष वाढवावी.