नीलकंठशास्त्री गोरे आणि पापक्षमेचा प्रश्न

झाशी म्हटले की मराठी वाचकाला १८५७ आठवते. वरसईच्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मुळे त्या वेढ्याची दारुण हकीकत आपल्या परिचयाची झाली आहे. जून १८५७ मध्ये जोखनबागेत युरोपीय स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोझच्या फौजेने शहरात शिरून त्याहून कितीतरी मोठा संहार केला. सूडाची ही कथा सर्वश्रुत आहे. याच परिसरात जन्मलेल्या एका मराठी पंडिताने क्षमेच्या प्रश्नापायी सारे आयुष्य पणाला लावले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या मुलखामुळे अठराव्या शतकात अनेक कोकणस्थ घराणी बुंदेलखंडात स्थिरावली. गोरे घराणे त्यांपैकीच. झाशीजवळच्या काशीपुरा गावी ८ फेब्रुवारी १८२५ रोजी नीलकंठांचा जन्म झाला आणि शास्त्राध्ययन काशीत झाले. जॉन म्यूर या प्राच्यविद्यापंडिताने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती धर्माचे मंडन करणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्याला उत्तर म्हणून विशीतल्या नीलकंठांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला.

त्यांच्या आक्षेपांतला एक फार मार्मिक आहे. मर्यादित आयुष्यात घडलेल्या पापासाठी अनंतकाळची शिक्षा, हा कोणता न्याय? कर्मसिद्धांतात जितके पाप तितकाच भोग. शिक्षेला माप आहे आणि म्हणून अंतही आहे. तरुण शास्त्र्याला हे माप मोलाचे वाटत होते. पण त्या मापाला दुसरीही बाजू आहे. कर्म भोगूनच संपते. तेथे कोणी अन्यायाने भरडला जात नाही, तसा कोणी सुटतही नाही. भक्तिमार्गाला हे जाचले म्हणूनच अजामिळाची कथा जन्माला आली असावी, असे मला वाटते.

काशीतील विल्यम स्मिथ या मिशनऱ्याचे खंडन करण्यास गेलेले नीलकंठशास्त्री स्वतःच डळमळले. घरच्यांचा तीव्र विरोध पत्करून १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नहेम्या झाले. १८६० मधील ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथाने त्यांचे खंडनकार म्हणून नाव झाले.

मात्र न्यायाचा आग्रह त्यांनी सोडला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. राममोहन रॉय यांनी १८२० नंतर श्रीरामपूरच्या मार्शमनशी झालेल्या वादात पश्चात्ताप पापक्षमेला पुरेसा आहे, अशी भूमिका घेतली होती. ब्राह्मो व प्रार्थना समाजांत तोच विचार पुढे रुजला. गोऱ्यांना ती क्षमा फार सोपी वाटे. ईश्वर क्षमा करतो हे केवळ बुद्धीने कसे कळले, हा त्यांचा प्रश्न होता. ही कल्पना तुम्ही ख्रिस्ती धर्मातूनच उचलली आहे, असे ते या समाजांना सुनावत. पाप खरे असेल तर त्याची किंमत कोणी तरी मोजलीच पाहिजे आणि ती ईश्वराने स्वतः क्रुसावर मोजली, हे ख्रिस्ती उत्तर त्यांना पटले होते. ज्याने कर्माचा हिशेब एकदा गंभीरपणे घेतला, त्याला फुकटची माफी संशयास्पद वाटावी हे स्वाभाविकच.

या संदर्भात मराठी ख्रिस्ती परिभाषा पाहण्यासारखी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा; तेथे प्रायश्चित्त पाप्याने स्वतः घ्यायचे असते. मराठी बायबलात मात्र ख्रिस्तालाच आपल्या पापांबद्दलचे प्रायश्चित्त म्हटले आहे. शब्द तोच, पण कर्ता बदलला. या एका बदलात गोऱ्यांच्या धर्मांतराचे सारे तत्त्वज्ञान सामावले आहे, असे म्हटले तरी चालेल.

१८७० साली ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. पुढे काउली येथील सेंट जॉन संघात उमेदवार म्हणून राहिले. पापनिवेदन ऐकून क्षमेचा उच्चार करणे हा त्या संप्रदायातील धर्मगुरूंच्या कर्तव्याचाच भाग होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता; रमाबाईंनीच तो मान्य केला आहे. परंतु आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र आणखी आठ वर्षांनी सापडला, असेही त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नमूद केले. शिष्येला अखेर क्षमेची खात्री लाभली. गुरूंना शंकांनी कधीच सोडले नाही. संघाची अंतिम व्रते त्यांनी घेतली नाहीत. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तेव्हाही ते उमेदवारच होते.

त्यांच्या तारुण्यातील ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १९५१ साली उज्जैनहून छापून निघाला. अनंत शिक्षेवरील तो आक्षेप आजही तेथे वाचायला मिळतो.