शिकलगाराची साण आणि रिव्हॉल्व्हरची निळाई

शिकल म्हणजे शस्त्राच्या पात्यावरचा गंज काढून, ते घासून-पुसून त्याला पुन्हा तेज आणणे. हे काम ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते शिकलगार. शब्दाचे मूळ अरबी असून तो फारसीच्या वाटेने मराठीत रुळला, आणि सांगली-कोल्हापूर भागात शिकलगार हे आडनाव आजही सर्रास आढळते. सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्यापुरता हा धंदा आता उरला असला, तरी शिलेखान्याच्या, म्हणजे राज्याच्या शस्त्रागाराच्या काळात शिकलगारावाचून तलवारीचे चालत नसे. जुन्या रिव्हॉल्व्हरवर नव्याने झिलई चढवली तर त्याचे मोल वाढते की घटते, या प्रश्नाचा उलगडा या धंद्याच्या इतिहासातून चांगला होतो, कारण तलवारीच्या बाबतीत जे शहाणपणाचे ठरले तेच रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हानीचे कारण झाले.

शिकलगाराचे मुख्य साधन साण. कुरुंद दगडाची पूड लाखेत घट्ट बसवून तिचे चाक करीत. एकाने वादी ओढून ते फिरवायचे आणि दुसऱ्याने पाते त्यावर धरायचे, अशी कामाची वाटणी असे. साधे पाते एवढ्याने उजळे, परंतु हिंदुस्थानी पोलादाच्या उंची तलवारीला आणखी एका संस्काराची गरज होती. या पोलादाच्या अंगातच पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. घासल्यावर ती दिसेनाशी होते आणि हिराकशीचे, म्हणजे लोहाच्या हिरव्या क्षाराचे, पाणी पात्यावर फिरवल्यावर पोलादातील कठीण व मऊ भाग वेगवेगळ्या छटा धरून ती पुन्हा उमटते. ही नक्षी धातूच्या पोटात असल्यामुळे कसबी शिकलगार ती हवी तेव्हा वर आणू शकत असे. तलवारीची शिकल वेळोवेळी व्हावी हे तिच्या घडणीतच गृहीत होते, आणि म्हणून जाणत्या हाताने केलेली शिकल हा तिच्या इतिहासाचा एक भाग मानला जातो.

वसईच्या मुलखात या इतिहासाला वेगळे परिमाण आहे. पोर्तुगीज अमलाखालील पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून युरोपात घडलेली सरळ पाती हिंदुस्थानात येत आणि त्यांवर देशी मूठ चढवली जाई. अशा तलवारीलाच मराठीत फिरंग म्हणू लागले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातांत युरोपी पोलाद असणे मुळीच नवलाचे नव्हते. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला मिळालेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवार हे या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण होय. तिची मूठ रत्नजडित असली तरी तिचे पाते युरोपी आहे, हे पात्यावर ठसवलेल्या ‘आय-एच-एस’ या येशूच्या नावाच्या संक्षेपाक्षरांवरून ओळखता येते. एखाद्या उत्साही हाताने ते पाते अक्षरे बुजेपर्यंत घासले असते, तर चमक वाढली असती, पण त्याच्या उगमाचा सर्वांत बोलका पुरावा गेला असता. मोलाचा सारा प्रश्न या एका उदाहरणात सामावलेला आहे.

रिव्हॉल्व्हर, म्हणजे फिरत्या नळकांड्यात पाच-सहा गोळ्या भरून चालणारे पिस्तूल, हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आले. रॉबर्ट अ‍ॅडम्स याचे रिव्हॉल्व्हर १८५१ चे. त्याची सुधारित आवृत्ती १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होती. पुढे बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश लष्कराने १८८७ मध्ये स्वीकारले आणि त्याची सहावी आवृत्ती १९१५ मध्ये निघाली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयतेला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे अशक्य केल्यामुळे ही हत्यारे संस्थानिक, लष्करी अधिकारी, बडे वतनदार अशा मोजक्या घरांत राहिली आणि त्यांतील काही वारशाने पुढे आली.

या हत्याराची निळसर-काळी झिलई वरून लावलेला रंग नसते. पोलादाला आम्लयुक्त द्रावणाने मुद्दाम गंज आणायचा, उकळत्या पाण्याने त्या तांबूस गंजाचे काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करायचे, बारीक तारांच्या कुंच्याने सुटा भाग झाडून काढायचा आणि हे सारे अनेक वेळा करायचे, अशी तिची एक जुनी रीत होती. त्याआधी कारागीर प्रत्येक पृष्ठ हाताने घासून कडा धारदार ठेवी. कोल्टसारख्या काही रिव्हॉल्व्हरांचा सांगाडा हाडांच्या व कातड्याच्या कोळशात तापवून एकदम पाण्यात बुडवीत, त्यामुळे त्यावर निळ्या-तपकिरी रंगांचे ढग उमटत. तलवारीचा जौहर धातूच्या पोटात असतो. रिव्हॉल्व्हरची निळाई मात्र केसापेक्षाही पातळ थरात असते आणि ती कारखान्यात एकदाच चढते. एकदा घासली की ती गेली, आणि मागाहून चढवलेला थर कितीही सुंदर असला तरी तो दुसऱ्या काळाचा असतो.

संग्राहकांनी हे तत्त्व प्रतवारीत स्पष्ट बांधून ठेवले आहे. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने पुरातन बंदुकांसाठी ठरवलेल्या श्रेणींत ‘एक्सलंट’ ठरण्यासाठी सर्व भाग मूळचे आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक झिलई मूळची असावी लागते, ‘फाइन’साठी तीस टक्क्यांहून अधिक पुरते, आणि ‘व्हेरी गुड’ या श्रेणीत तर मूळ झिलई अजिबात उरली नसली तरी चालते. नव्याने निळे केलेले हत्यार मात्र त्याखालच्या ‘गुड’ श्रेणीत मोडते. झिलई पार उडालेले, करड्या अंगाचे, पण न छेडलेले रिव्हॉल्व्हर नव्याने चमकवलेल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा वरचे मानले जाते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. खंडेनवमीला घरातली शस्त्रे चिंच-राखेने लख्ख करून पुजणाऱ्या, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणाऱ्या आणि लग्नाआधी दागिने उजळून घेणाऱ्या समाजात चकाकी हीच जपणुकीची खूण मानली गेली, यात गैर काही नाही. भांड्याला आणि दागिन्याला तो न्याय योग्यच आहे.

बफ, म्हणजे यंत्रावर फिरणारे पॉलिशचे कापडी चाक, रिव्हॉल्व्हरवर फिरले की काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखी खोलगट जागा तयार होते, आणि ठशांची अक्षरे एका बाजूने पुसट होत जातात. १९०४ पूर्वीच्या बर्मिंगहॅमच्या हत्यारांवर तेथील चाचणीगृहाचे मुकुट व तिरक्या राजदंडांचे ठसे असतात. नळीच्या वरच्या पट्टीवर पुष्कळदा विक्रेत्याचे नाव कोरलेले असते. मुंबईत काळा घोडा परिसरात ज्या आर्मी अँड नेव्ही सोसायटीचे दुकान होते, तिचे नावही अनेक वेब्लींवर आढळते. ही अक्षरे गेली की हत्यार कोणी तपासले आणि कोणी विकले याचा धागा तुटतो. निकेलच्या मुलाम्याचेही असेच आहे: काही रिव्हॉल्व्हरे कारखान्यातूनच निकेल चढवून निघत, पण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून मागाहून चढवलेल्या मुलाम्याखाली बुजलेले ठसे आणि गंजाचे खड्डे तसेच दडून राहतात आणि पारखी नजर ते लगेच हेरते. हत्यार सेवेत असतानाच लष्करी कार्यशाळेत झालेली डागडुजी मात्र या दोषातून वगळावी, कारण ती त्याच्या कारकिर्दीचाच भाग होय.

वसई-नालासोपाऱ्याच्या पूर्व पट्ट्यातील औद्योगिक गाळ्यांत धातूला पॉलिश व मुलामा चढवण्याची कामे चालतात. वारशाने आलेले हत्यार तेथे नेऊन उजळून घेण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर किमतीचा प्रश्न बाजूलाच राहतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती करण्याचा व्यवसायही परवान्यावाचून करता येत नाही. जे जुन्या धाटणीचे वा पुरातन मोलाचे हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कलम ४५ अन्वये सूट आहे. पण चालू स्थितीतल्या वेब्लीला ती मिळत नाही. वारसदाराने हत्यार कोरडे ठेवावे, हलक्या तेलाचा हात देऊन मऊ कापडाने पुसावे आणि त्यापलीकडे काही करू नये. त्याच अधिनियमाच्या कलम ८ नुसार बंदुकीवरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची कोणतीही खूण पुसणे, काढणे अथवा बदलणे यास मनाई आहे.